मोजणीबाईंचा बाराशे ऐंशी

प्रयोगशाळेत त्यांना मोजणीबाई म्हणत, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. राग मानायचं काही कारण नव्हतं, कारण मोजणं हीच त्यांची नोकरी होती, आणि त्या मोजत नसत तेव्हाही मोजतच असत. तिसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्या बावन्न. बसथांब्यापासून फाटकापर्यंत पावलं तीनशे दहा. मॅडमच्या टेबलावर साचलेले, न धुतलेले कप रोजचे वेगळे, पण चाराच्या खाली कधी नाहीत. अठ्ठावीस वर्षांत चार साहेब आले आणि गेले. पाचव्या या मॅडम, वयाने बाईंच्या मुलीएवढ्या आणि हुशारीत चारही साहेबांना पुरून उरतील अशा. पण बाईंच्या मोजणीवर पेन चालवायची हिंमत त्यांनीही कधी केली नाही.

प्रयोगशाळा मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत होती. खाली धुलाईखाना, त्यामुळे जिन्यात बारा महिने साबणाचा वास. गेली दोन वर्षं तिथे एकच मोठं काम चाललं होतं. इस्पितळात राबणारी माणसं, म्हणजे धुलाईखान्यातले, स्वयंपाकघरातले, स्ट्रेचर ढकलणारे, वॉर्डातल्या आया, आपलं रक्त द्यायला येत. कोरोनाच्या लसीच्या आधी एक नळी, प्रत्येक डोसनंतर एक, आणि डोस घेऊनही आजार झालाच तर बरं झाल्यावर आणखी एक. प्रश्न साधे होते. लसीने अंगात तयार झालेल्या अँटिबॉडी किती दिवस टिकतात? आणि विषाणूने नवं रूप घेतलं, की त्या त्याला ओळखतात की नुसत्या बघत बसतात?

याचं उत्तर मोजणीबाई काढत. हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात बोटाच्या टोकाएवढे शहाण्णव खळगे. बारा उभे रकाने, एकेका रकान्यात आठ खळगे. खळग्यांच्या तळाशी जिवंत पेशींचा पातळ थर. माणसाच्या रक्तातलं वरचं पिवळसर पाणी, ज्याला सिरम म्हणतात, ते पहिल्या खळग्यासाठी वीसपट पातळ करायचं, दुसऱ्यासाठी चाळीसपट, मग ऐंशीपट, असं दुप्पट दुप्पट करत शेवटच्या खळग्यापर्यंत. त्यात जिवंत विषाणू मिसळायचा आणि ते मिश्रण पेशींवर सोडायचं. तीन दिवस प्लेट उबेच्या कपाटात ठेवायची आणि चौथ्या दिवशी जांभळा रंग ओतून धुऊन टाकायची. अँटिबॉडी जिंकल्या तर पेशी जगतात आणि खळगा जांभळा दिसतो. विषाणू जिंकला तर पेशी मरून गळून पडतात आणि खळगा पांढरा. जांभळा रंग जितका खाली उतरलेला, तितकं ते रक्त जोरदार.

विषाणूचं काम ज्या खोलीत चाले तिथे जायचं म्हणजे एक सोहळाच. अंगभर झगा, डोक्यावर गाळलेली हवा सोडणारी पंख्याची टोपी, हातमोजे दोन-दोन. नवीन माणूस आला की बाई त्याला एकच उपदेश करत, "नाक खाजवायचं असेल तर बाहेरच खाजवून या. आत गेल्यावर तीन तास नाक आपलं नाही." आत मात्र त्यांचा हात असा चाले की बघणाऱ्याने बघत राहावं. शहाण्णव खळगे आणि एक थेंब इकडचा तिकडे नाही.

आता त्यांच्या फुशारकीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं. बारा रकान्यांपैकी दोन तपासणीचे असत. एकात नुसत्या पेशी, त्या जांभळ्याच दिसायला हव्यात. दुसऱ्यात पेशी आणि विषाणू, सिरम नाही, तो पांढराच दिसायला हवा. उरलेले दहा माणसांचे. आठवड्याच्या शेवटच्या प्लेटला दहा माणसं क्वचितच भरत. एखाद-दुसरा रकाना रिकामा राही. तो वाया का घालवा, म्हणून तिथे काम करणारे आपलंच सिरम त्यात घालत. नियमांच्या वहीत याची परवानगी नव्हती आणि मनाईही नव्हती. त्यामुळे इतर ठिकाणी लोकांना जसं आपलं वजन ठाऊक असतं, तसा इथे प्रत्येकाला आपला आकडा ठाऊक असे.

तिसऱ्या डोसनंतर महिन्याने बाईंचा आकडा आला बाराशे ऐंशी. म्हणजे बाराशे ऐंशीपट पातळ केलेलं सिरमसुद्धा विषाणूला अडवत होतं. अख्ख्या मजल्यावर इतका आकडा कोणाचा नव्हता, मॅडमचाही नाही. शिवाय आजार एकदाही झाला नव्हता, हेही त्यांनी तपासून घेतलं होतं. त्यांनी घेतलेली लस शरीराला विषाणूच्या फक्त बाहेरच्या काट्यांची ओळख करून देते. त्याच्या पोटातल्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या, तर समजायचं की खरा विषाणू अंगातून जाऊन आला आहे. बाईंच्या रक्तात तसलं काही नव्हतं. बाई कोऱ्या करकरीत. बाराशे ऐंशी हा आकडा त्यांनी नवऱ्याला सांगितला, नणंदेला सांगितला, आणि दातांच्या डॉक्टरला तर तोंड उघडं असतानाही सांगायचा प्रयत्न केला.

पण सगळ्यात जास्त वेळा सांगितला तो दादाला.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. आयुष्यभर दुकानादुकानांतून वजनकाटे तपासायचं आणि दुरुस्त करायचं काम केलेला माणूस. मोजायचं वेड घरात आलं ते त्याच्याकडूनच. मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनांची पेटी अजून त्याच्या कपाटात होती, आणि ती वजनं तो अजूनही चिमट्याने उचलत असे, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात भर घालतो. सहा वर्षांपूर्वी त्याचं मूत्रपिंड बदललं. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून औषधं सुरू झाली, आणि ती औषधं शरीराच्या सगळ्या पहारेकऱ्यांना झोपवून ठेवत. त्यामुळे लसीचे डोस झाले तरी त्याच्या अंगात अँटिबॉडी तयार झाल्या नाहीत. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, तुम्हाला हा आजार झाला तर आमच्या हातात फार काही नसेल.

तेव्हापासून दादा तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होता. वहिनी जाऊन दहा वर्षं झाली होती. शेजारी सामान दाराशी ठेवून जात. आत फक्त बहीण जायची, दर रविवारी. ती खिडकीजवळच्या स्टुलावर बसे आणि तो समोरच्या भिंतीला खुर्ची टेकवून, मास्क लावून. खिडकी सताड उघडी. थंडीत दोघंही कोट घालून बसत, आणि आळीपाळीने पाठ फिरवून प्यायचा चहा तीन मिनिटांत गार होई. हे कोणी मोजलं ते सांगायला नको.

"दादा, बाराशे ऐंशी," बाई म्हणाल्या होत्या. "बाहेरच्या काट्यांना माझ्या अंगात शिरायला जागाच नाही."

"कोणत्या वजनांनी मोजलास, ठमे?" दादा त्यांना लहानपणापासून ठमी म्हणे. त्यांच्या वयाला हे नाव आता शोभत नव्हतं, पण ते त्याच्या तोंडून ऐकायला त्यांना आवडायचं.

"म्हणजे?"

"म्हणजे काट्यावर शेवटचं वजन कोणी ठेवलं आणि ते कधीचं, हे मी आधी विचारायचो. मगच आकड्याकडे बघायचो."

"हे काही लोखंडाचं वजन नाही, दादा," असं म्हणून बाईंनी विषय उडवून लावला.

खरं म्हणजे प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. तो आकडा जुन्या विषाणूविरुद्ध काढलेला होता. नवा व्हेरियंट शहरात शिरल्याच्या बातम्या पंधरा दिवसांपासून येत होत्या. तो मॅडमनी मिळवला होता, प्रयोगशाळेत वाढवला होता, आणि शनिवारी त्याची पहिली प्लेट स्वतः बाईंनीच लावली होती. शेवटचा रकाना रिकामा होता, तिथे त्यांनी आपलंच सिरम घातलं होतं. म्हणजे सगळं डोक्याला ठाऊक होतं. पण स्वतःबद्दल माणूस डोक्याने विचार करत नाही, आणि मोजणीबाईही याला अपवाद नव्हत्या.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, दादाला पासष्ट वर्षं पूर्ण झाली. बाई केक घेऊन गेल्या. बाहेर कडाक्याची थंडी, खिडकीतून वारा सुरीसारखा आत येत होता. दादाचे हात कपाभोवती थरथरताना बघून बाईंना राहवेना.

"आज तरी ती खिडकी लाव. आणि तो मास्क काढ. दोन वर्षं तुझं अर्धंच तोंड बघतेय मी."

"अगं, पण..."

"पण नाही आणि बिण नाही. माझा आकडा तुला ठाऊक आहे. माझ्याकडून तुला काही होणं शक्य नाही."

दादाने तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग उठून खिडकी लावली आणि मास्क काढून टेबलावर ठेवला. बाईंनी बघितलं तर वरचा पुढचा एक दात गायब.

"हे कधी झालं?"

"झालं सहा महिने. हलत होता. दवाखान्यात जायचं म्हणजे दहा माणसांत बसायचं. मग घरीच काढला, दोऱ्याने."

"दोऱ्याने? पासष्ट वर्षांचा घोडा झालास आणि दोऱ्याने दात काढतोस?"

दोघं इतके हसले की दादाला ठसका लागला. बाईंनीही आपला मास्क काढला. दोघांनी गरम चहा गरमच प्यायला, केक खाल्ला, वहिनीच्या आठवणी काढल्या. सव्वा तास बसले. निघताना बाईंनी भावाच्या गालावरून हात फिरवला. दाढी नीट झाली नव्हती. मास्कच्या आत कोण बघतंय, म्हणून तो तिकडे लक्ष देत नसणार. बसमध्ये त्यांना सारखं भरून येत होतं, आणि आपण फार चांगलं काम केलं असं वाटत होतं.

मंगळवारी सकाळी प्लेट रंगवून, धुऊन, उजेडाच्या डब्यावर आली. बाईंनी चष्मा पुसला आणि मोजायला घेतलं.

तपासणीचे दोन रकाने सोडले तर पहिल्या दोघांत माणसांचं रक्त नव्हतंच. इस्पितळात ज्यांना स्वतःच्या अँटिबॉडी तयार करता येत नाहीत अशांना बाहेरून देण्यासाठी कारखान्यात बनवलेल्या तयार अँटिबॉडी होत्या, दोन प्रकारच्या. वर्षभर वापरात असलेली ती पहिली, आणि फ्रिजमध्ये पडून असलेली ती दुसरी. पहिलीचे आठही खळगे पांढरे. औषध आहे की पाणी, कळू नये इतके पांढरे. दुसरीचे सहा खळगे जांभळे.

पुढचे चार रकाने तीन डोस घेतलेल्या, पण आजार न झालेल्या माणसांचे. जुन्या विषाणूविरुद्ध यांचे आकडे दणदणीत होते. इथे एकेक, फार तर दोन खळगे. त्यापुढचे तिघं डोस घेऊनही आजारी पडलेले आणि बरे झालेले. त्यांचे पाच-पाच खळगे जांभळे. लसीने जी ओळख करून दिली होती, ती खऱ्या विषाणूने जणू पुन्हा घोकून घेतली होती, आणि आता त्यांचं रक्त नव्या चेहऱ्यालाही ओळखत होतं.

शेवटचा रकाना बाईंचा. वरचा एक खळगा, तोही कडेला फाटलेल्या जाळीसारखा, अर्धा जांभळा. बाकी सात पांढरे.

बाईंनी प्लेट उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली. मग राग आला, आणि तो प्लेटवर आला. पेशी जुन्या असणार. शनिवारी उबेच्या कपाटाचं दार कोणीतरी उघडं टाकलं असणार. रंग पातळ झाला असणार. अठ्ठावीस वर्षांत बाईंनी कितीतरी प्लेटा रद्द केल्या होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांचं बरोबर ठरलं होतं. पेन हातात होतंच. प्लेटवर "रद्द" लिहायचं, नवी लावायची, शनिवारपर्यंत निकाल. कोणी विचारलंही नसतं. त्यांनी 'र' लिहिलासुद्धा.

आणि मग त्यांना दादाची खुर्ची आठवली, भिंतीला टेकलेली. कोणत्या वजनांनी मोजलास?

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तपासणीचे दोन रकाने बघितले. नुसत्या पेशींचा रकाना वरपासून खालपर्यंत जांभळा, एकही डाग नाही. विषाणूचा रकाना वरपासून खालपर्यंत पांढरा. काटा शून्यावर होता. प्लेटमध्ये काहीही चुकलं नव्हतं. नावडता होता तो फक्त शेवटच्या रकान्यातला आकडा.

बाईंनी 'र' खोडला, पुन्हा एकदा शहाण्णवच्या शहाण्णव मोजले, खाली सही केली आणि प्लेट मॅडमसमोर नेऊन ठेवली.

"ताई, पहिली अँटिबॉडी गेलीच की!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "अजून वॉर्डात तीच देतायत. खात्री आहे ना?"

"दोनदा मोजलंय."

"मग प्रश्नच नाही." मॅडमनी तिथेच पत्र लिहायला घेतलं. नव्या व्हेरियंटवर पहिली निरुपयोगी दिसते, शक्य तिथे दुसरी द्यावी. तासाभरात पत्र इस्पितळात गेलं.

संध्याकाळी बसच्या रांगेत बाईंचा घसा खवखवायला लागला.

झगा, पंखा, दोन-दोन हातमोजे भेदून जो विषाणू कधी आत आला नाही, तो बहुधा याच रांगेत मागे शिंकलेल्या कोणाकडून तरी आला होता. घरी येऊन त्यांनी चपला न काढता चाचणी केली. दुसरी रेघ अर्ध्या मिनिटात उमटली. नवरा दारात येऊन उभा राहिला, तर त्याला हातानेच बाहेर ढकललं. मनात लगेच एक आवाज बोलायला लागला. आत्ताच कशाला सांगायचं? त्याला उगीच काळजी. दोन दिवस बघू, त्याला काही झालं नाही तर प्रश्नच मिटला. तो आवाज फार समजूतदार वाटत होता. बाईंनी फोन उचलला.

"दादा, मला झालाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"रविवारी माझ्या अंगात असणारच. आणि माझा आकडा... नव्यावर माझा आकडा शून्यच आहे, दादा. आज सकाळी कळलं. मी तुला खिडकी लावायला लावली. मास्क मीच काढायला लावला." त्या रडायला लागल्या. "तू विचारलं होतंस कोणत्या वजनांनी मोजलास, आणि मी तुला उडवून लावलं."

दादा खाकरून म्हणाला, "रडणं झालं की सांग. मी कागद-पेन्सिल घेतलीय. आता काय करायचं?"

बाईंनी नाक पुसलं. आता काय करायचं हे त्यांना येत होतं. मूत्रपिंडाच्या दवाखान्यात आत्ता लगेच फोन करून ठेव. दिवसातून चारदा ताप बघ, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघ, आणि आकडे मला सांग. ताप शंभरावर गेला तर तासभरही थांबू नकोस. दादाने सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं.

बुधवारचे चारही आकडे चांगले होते. बाई बंद खोलीत पडून होत्या. त्यांना स्वतःला झालं ते फारसं नव्हतं, तीन दिवस अंगदुखी आणि घशात काटे. लसीने एवढं काम केलं होतंच. नवरा दाराशी ताट ठेवून दार वाजवी आणि पळे. गुरुवारी सकाळी साताला फोन आला.

"एकशे एक पॉइंट चार. ऑक्सिजन सत्त्याण्णव. गाडी बोलावलीय."

मग दुपारपर्यंत काही नाही. बाईंनी छतावरच्या फळ्या मोजल्या. चोवीस. पुन्हा मोजल्या. चोवीसच. देवाला आजवर त्यांनी काही मागितलं नव्हतं, त्या दिवशी मागितलं. आणि हेही मनाशी कबूल केलं, की दादा गेला तर कोणत्याही प्लेटवर सही करायला आपला हात पुन्हा उठणार नाही.

दोनला फोन वाजला.

"चाचणी पॉझिटिव्ह," दादाचा आवाज थकलेला, पण ताळ्यावर होता. "सलाईनमधून काहीतरी सोडतायत. ऐक, गंमत झाली. नर्स एक बाटली घेऊन आली, लावणार तेवढ्यात थबकली. म्हणाली, थांबा, मंगळवारपासून ही द्यायची नाही. फ्रिजवर कागद चिकटवलाय म्हणे. ती परत गेली आणि दुसरी घेऊन आली. कागद तुमच्याकडचा का?"

बाई अंथरुणात उठून बसल्या.

"ठमे? आहेस ना?"

"आमच्याकडचा," त्या म्हणाल्या. तो 'र' त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्यापुढे आणखी एक जोडाक्षर लिहिलं असतं, तर कागद शनिवारी लागला असता, आणि आत्ता दादाच्या शिरेत पांढऱ्या रकान्यातलं पाणी जात असतं. फोन ठेवल्यावर त्या उशीत तोंड खुपसून रडल्या. हे रडणं वेगळं होतं.

दादाचा ताप पाचव्या दिवशी उतरला. ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली कधी गेला नाही. अकराव्या दिवशी तो घरी आला. खोकला पाच आठवडे राहिला आणि मग तोही गेला. मूत्रपिंडाचे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, आणि योग्य ते औषध मिळालं. दादाने हे वाक्य बहिणीला फोनवर तीनदा सांगितलं.

तीन महिन्यांनी मॅडमनी बाईंना रक्त द्यायला बोलावलं. आता त्याही डोसनंतर आजारी पडून बरे झालेल्यांच्या यादीत बसत होत्या. पोटातल्या प्रथिनाची चाचणीही आता पॉझिटिव्ह, करकरीतपणा संपला होता. निकाल आला तेव्हा मॅडम प्लेट नाचवतच आल्या.

"ताई, बघा तरी! जुन्यावर आठच्या आठ. आणि नव्यावर सहा! धुलाईखान्यातल्या मंडळींसारखंच झालंय तुमचं."

"छान आहे," बाई म्हणाल्या. आणि खरंच छान होतं. दोन वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर आता त्यांच्या स्वतःच्या शिरेतून आलं होतं, आणि कामाचा अभिमान त्यांना पूर्वीएवढाच होता. "पण यापुढे रिकामा रकाना रिकामाच ठेवूया, मॅडम. आपले आकडे आपल्याला ठाऊक नसलेलेच बरे. आणि हा सहाचा आकडाही आजच्या विषाणूचा. उद्याचा अजून यायचाय."

त्या रविवारी त्या पुन्हा दादाकडे गेल्या, आजारानंतर पहिल्यांदाच. इतके दिवस फोनवरच भागवलं होतं, जायचा धीर होत नव्हता. दारातच उभ्या राहिल्या, मास्क लावून. पिशवीतून सकाळी केलेली चाचणी काढली आणि पुढे धरली. दादाने चष्मा चढवला, पट्टी उजेडात धरून, तिरपी करून, काटा तपासावा तशी तपासली.

"एकच रेघ. ये आत."

आत जाऊन बाईंनी आधी खिडकी सताड उघडली. थंडी ओसरली होती तरी वारा झोंबत होता. मग स्टुलावर बसल्या आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं बोलून टाकलं.

"दादा, त्या दिवशी मी ती प्लेट रद्द करत होते. माझा आकडा खाली आला म्हणून. 'र' लिहिला होता मी. तुझं औषध त्याच प्लेटमध्ये होतं."

दादाने चहा गाळला. दोन्ही कप भरले, एक तिच्यापुढे ठेवला.

"आणि मग?"

"मग खोडला."

"मग काय तर." तो समोर बसला. "चाळीस वर्षं काटे तपासले मी. स्वतःचा काटा चुकतोय असं सांगणारे दुकानदार किती भेटले, ठाऊक आहे? दोन. त्यातला एक वेडसर होता." मग म्हणाला, "मंगळवारी संध्याकाळी तुझा फोन आला नसता, तर गुरुवारी सकाळी तो ताप मी थंडीचा ताप समजलो असतो. गोळी घेऊन झोपलो असतो मी. नक्की झोपलो असतो."

बाईंनी कप दोन्ही हातांनी धरला.

"आकडा किती आला आता?" त्याने विचारलं.

"सांगणार नाही."

"नको सांगूस." दादाने कानामागचे दोर सोडवले आणि मास्क काढून टेबलावर ठेवला. वरचा दात जागेवर होता, नवा कोरा, शेजारच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरा. "दवाखान्यात बसलो दहा माणसांत. खिडकीजवळची खुर्ची मागून घेतली."

बाई हसल्या आणि डोळे पुसत राहिल्या. चहा किती मिनिटांत गार झाला, ते त्या दिवशी कोणी मोजलं नाही.